सोमवारचा चैरो

मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. साचाका वस्तीतल्या आपल्या खानावळीच्या, पिकान्तेरियाच्या स्वयंपाकघरात दोमितिला बेगासो पाट्याशी उभ्या राहून रोकोटो मिरच्या वाटत होत्या. वरवंटा अर्ध्या चंद्रासारखा, चांगला जड. तो उचलायचा नसतो, दोन्ही हातांनी धरून झुलवायचा असतो. उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून साथ देत नाही, म्हणून जोर डाव्या हातावर होता.

चुलीशी त्यांची नणंद ग्रेगोरिया होती. मेंढीचं मटण शिजत आलं होतं, गोठवून वाळवलेले काळे बटाटे भिजत पडले होते. मंगळवार म्हणजे चैरो. सोमवारी चाके, बुधवारी पेब्रे. आरेकिपा शहरात कोणत्या वारी कोणतं सूप हे शेंबडं पोरही सांगेल. वार चुकला की घर चुकलं, असं दोमितिलाबाईंची आई कासिमिरा म्हणायची. हे घर तिनेच सुरू केलं.

पिकान्तेरिया आईकडून मुलीकडे जाते. जागा आणि भांडी कुणाच्याही वाट्याला येऊ शकतात. पण हात, म्हणजे वाटणात काय, किती आणि कधी, तो एकीलाच देतात. दोमितिलाबाईंनी तो आपल्या एकुलत्या एक मुलीला, इसोलिनाला दिला होता. दोन वर्षांपूर्वी ग्रेगोरियाची मुलगी मेल्चोरा शिकायला म्हणून येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. येत्या डिसेंबरात त्या पाटा सोडणार होत्या. खांद्याने त्यापुढची मुदत दिलीच नव्हती.

इसोलिना आठला आली, आईच्या गालाचा मुका घेतला, पदराला गाठ मारावी तसा अ‍ॅप्रन कमरेला आवळला आणि कांदे चिरायला बसली. सोमवारी ती येत नसे. सासूला दवाखान्यात न्यावं लागतं, असं तिने इस्टरनंतर सांगितलं होतं. आईने मग दर सोमवारी सासूसाठी डबाभर चाके बाजूला काढायला सुरुवात केली. मंगळवारी इसोलिना तो घेऊन जाई.

बाराच्या सुमारास बाकं भरली. इथे टेबलं लांबलचक, अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि दुसऱ्या पेल्याला एकमेकांची लग्नं जुळवतात. लेओन्सिओ मास्तर आपल्या खिडकीजवळच्या जागेवर बसले. इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, पत्नी गेल्यापासून दुपारचं जेवण इथेच. दोमितिलाबाईंनी काळ्या मक्यापासून आंबवलेल्या चिचाचा मोठा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि चैरो आणायला वळल्या.

"आज चैरो नको, बाई," मास्तर म्हणाले. "कालच खाल्ला की तुमचा. लागोपाठ दोन दिवस माझ्या पोटाला झेपत नाही."

"काल सोमवार होता, मास्तर," समोरच्या बाकावरून एक जण म्हणाला. "रविवारची अजून उतरलेली दिसत नाही."

बाक हसलं. दोमितिलाबाईही हसल्या. हसला नाही तो एकटा खाटीक एर्मोखेनेस. त्याने मान खाली घालून चमचा चालू ठेवला.

मास्तरांना राग आला. आयुष्यभर मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतलेल्या माणसाला कुणी वार शिकवावा, हे त्यांना सोसेना. त्यांनी पुराव्यासकट सांगायला घेतलं. लिमाहून पुतण्या आला होता, तो त्यांना वरती कायमा भागात जेवायला घेऊन गेला. पांढरी कापडं घातलेली टेबलं, ज्याचं त्याला वेगळं. सातही सूपं, सातही वार. दारावर 'ला कासिमिरा' अशी पाटी, आत भिंतीवर कासिमिराबाईंचा चिचा ओततानाचा फोटो. आणि इसोलिना स्वतः टेबलाशी येऊन, कसं झालंय, म्हणून विचारून गेली.

"मी पुतण्याला म्हटलं, बाईंनी दुसरं घर काढलं आणि आम्हाला साधं बोलावणं नाही. बाकी पोरीला सांगा, मीठ जरा वरचढ होतं."

आता कुणी हसत नव्हतं. दोमितिलाबाईंनी मास्तरांपुढची पुसलेली जागा पुन्हा पुसली.

"घाईत राहून गेलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "राग धरू नका."

त्यांनी मास्तरांना भरलेला रोकोटो वाढला, वर चीजचा एक तुकडा जास्त ठेवला. एर्मोखेनेसचं ताट उचलताना त्याने वर पाहिलं नाही. मटण दोन्हीकडे तोच पोचवत असणार, हे त्यांना तेव्हाच कळलं.

लगेच आत जाऊन त्यांनी काही विचारलं नाही. बाकांवर माणसं जेवत होती. तीन तास त्या वाढत राहिल्या, बडीशेपेच्या दारूचे शेवटचे घोट ओतत राहिल्या, आत जाऊन ताटं घेत राहिल्या, आणि दर वेळी इसोलिना त्यांना विचारी, "आई, अजून किती चैरो?" त्या आकडा सांगत.

चारनंतर दार ओढून घेतलं. इसोलिना हात पुसत होती.

"सासूबाई कशा आहेत?" दोमितिलाबाईंनी विचारलं.

इसोलिनाने बाहेरच्या बोलण्यातलं काहीतरी ऐकलं असावं. तिने नाकारलं नाही. चुलत दिरासोबत भागीदारी आहे, मार्चपासून चालू आहे, सासू ठणठणीत आहे, असं तिने एका दमात सांगितलं. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, हेही सांगितलं. ते खरं होतं.

"आणि मी दिलेलं चाके?"

"आम्ही खायचो," इसोलिना म्हणाली. मग हळू आवाजात, "चांगलं व्हायचं."

"आजीचं नाव कशाला नेलंस? तुझं काय वाईट होतं?"

"माझ्या नावाने कोण येणार, आई?"

"तिथे पाटा आहे?"

"आहे. दारात ठेवलाय. लोक फोटो काढतात त्याच्याजवळ." इसोलिनाने अ‍ॅप्रन सोडून खिळ्याला अडकवला. "वाटण मिक्सरवर करतो. शंभर ताटं निघतात, पाट्यावर कोण वाटत बसणार?"

पाटा कुठून आणला, हे विचारावं लागलं नाही. असे पाटे आता कुणी घडवत नाही. आहेत ते घराघरांत आहेत, आणि ग्रेगोरियाच्या परसात तिच्या आईचा एक पडून होता. दोमितिलाबाईंनी नणंदेकडे पाहिलं. ग्रेगोरिया राख काढत होती.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"सहा महिने तू माझ्या शेजारी उभी आहेस."

ग्रेगोरियाने राखेची पाटी खाली ठेवली. "वहिनी, माझी पोर याच दारात उभी होती. हात एकीलाच देतात, म्हणालात. दिलात. मग तुमच्या हाताने कुठे जाऊन काय केलं, त्याची चौकशी मी कशाला करू?"

इसोलिना म्हणाली की दुसरी बाई मिळेपर्यंत ती सोमवार सोडून येत राहील. दोमितिलाबाईंनी तिचा अ‍ॅप्रन खिळ्यावरून काढला, घडी केली आणि तिच्या हातात दिला. इसोलिनाने तो पिशवीत घातला. आईच्या गालापर्यंत पोचण्याएवढी ती जवळ आली नाही. बसथांबा कोपऱ्यावरच आहे. कायमाला जाणारी बस तिथेच थांबते.

मेल्चोराचं नाव त्या संध्याकाळी कुणी काढलं नाही. मेल्चोरा आता समुद्रकाठच्या मोयेन्दोला एका औषधाच्या दुकानात काम करते आणि तिथे बरी आहे.

इसोलिना गेल्यावर नणंद-भावजयींनी मोड आलेला काळा मका दळून पाण्यात घातला. कामाला बोलायची गरज नव्हती. उद्या बुधवार, चिचा उकळण्याचा दिवस. हंडा पहाटे पाचला चुलीवर चढतो, आणि तो दोन बायकांशिवाय उचलला जात नाही.