तीन टक्क्यांचं पाणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. चहा संपेपर्यंत एकदाच सांगणार आहे. आणि चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे आधीच बजावतो!

माझं आयुष्य पेणच्या खाडीकाठी, मिठागरात गेलं. शाळा चौथीपर्यंत. यंदा खांब गावच्या व्याह्यांनी भाताचं बियाणं दिलं. माझी मंदा त्यांच्याच घरात दिलेली. तिचा फोन आला, "आबा, पेरायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाका. फोल दाणे वर येतील, ते फेका. पाणी तीन टक्क्यांचं करा, ह्यांनी सांगितलंय."

हे म्हणजे आमचे जावई. धाटावला केमिकल कंपनीत, लॅबमध्ये.

तीन? मिठाचं पाणी मला शिकवता? अहो, तेवढं तर खाडीचं पाणीच असतं! मिठागरात आम्ही पाण्यात काचेची नळी सोडून खारटपणाची डिग्री बघतो. वीसच्या खालच्या पाण्याला कोण विचारतो?

दहा लिटर पाणी घेतलं. मीठ ओतत गेलो. तीन किलो गेलं, तेव्हा नळी मनासारखी वर आली. मग बियाणं टाकलं.

सगळं वर! एक दाणा तळाला जाईल तर शपथ!

डोकं फिरलं. फोल भात? मला? ओलं भात पिशवीत भरलं, वडखळला एसटी धरली. शेजारी बसला त्याला सांगितलं. पुढच्या बाकावरच्यालाही सांगितलं. नागोठणं येईपर्यंत माझे व्याही लबाड आहेत, हे निम्म्या गाडीला पाठ झालं होतं.

व्याह्यांच्या अंगणात पिशवी ओतली. "तुम्ही माझी मुलगी पारखून घेतलीत, आणि मला हा भुसा?"

व्याही ताडकन उठले. "भुसा? ह्याच भातावर आमचं घर जेवतंय! शब्द मागं घ्या, नायतर आजपासून येणंजाणं बंद!"

"बंद तर बंद!"

मंदा दारात रडकुंडीला आली. "आबा, मी माहेरी यायचं नाय का मग?"

तेवढ्यात जावई पहिली शिफ्ट करून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मामा, मीठ किती घातलंत?"

"दहा लिटरला तीन किलो."

"म्हणजे लिटरला तीनशे ग्रॅम! तीन टक्के म्हणजे लिटरला तीस. दहापट झालं!"

"मग ग्रॅम सांगायचे! टक्के कशाला सांगता?"

जावयांनी दुसरी बादली घेतली. मीठ तोलून घातलं, घरात उरलेलं तेच बियाणं टाकलं. भात गपकन तळाला. वर मोजके फोल दाणे.

व्याह्यांनी वरचा एक फोल दाणा चिमटीत उचलला. मग म्हणाले, "व्याही, तुमच्या त्या पाण्यात तुम्ही उतरला असतात तर तुम्हीपण तरंगला असतात. मग तुम्हाला फोल म्हणायचं काय?"

मंदा फसकन हसली. व्याहीही हसले. मी नाही हसलो. पण येणंजाणं वाचलं.

"दुसरं बियाणं न्या," व्याही म्हणाले, "पण मीठ आमची सून तोलून देणार."

मंदाने पुडी हातात दिली. "आबा, दहा लिटरला एवढंच. वर चिमूटभर नाय!"

परतीच्या एसटीत शेजारच्याने विचारलं, "बाबा, पुडीत काय?"

"मीठ."

"कुठं चाललात?"

"पेणला. मिठागरात."

तो उठला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.