वहिनीला हवा होता आंतोनचा चेहरा

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

आरोंद्यात आमच्या घरी यान नावाचा म्हातारा पोलिश चित्रकार बरीच वर्षं भाड्याने राहतो. तरुणपणी तिकडे तो हुबेहूब चेहरे काढायचा, शर्टाचं बटणसुद्धा चुकायचं नाही. इथे आल्यावर भडक रंगांत होड्या आणि मासे विकणाऱ्या बायका काढू लागला. माझा भाऊ आंतोन त्याला होडीतून फिरवायचा. मालवणीही त्यानेच शिकवली.

गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली आणि आंतोन गेला. तेव्हापासून यान नुसते राखाडी पट्टे ओढतो. त्यात माणूस नसतो.

आज आंतोनच्या वर्साची मीस आहे, म्हणजे चर्चमधली वर्षाची प्रार्थना. त्याचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो यानला देऊन वहिनीने मागेच सांगितलं होतं, "तुझ्या जुन्या पद्धतीन त्येचा तोंड काढ रे." घरातल्या अल्तारशेजारी, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याशेजारी, खिळाही ठोकून घेतला.

यानने सकाळी चित्र आणलं. पुन्हा पट्टेच. ओहोटीची खाडी असावी.

वहिनी बघतच राहिली. "ह्येच्यात आमचो आंतोन खंय आसा?"

यान हळूच म्हणाला, "माका पण दिसना नाय गो. म्हणान असा काढलंय."

वहिनीने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. संध्याकाळी मीसनंतर सगळे घरी येतील. ती मला विचारते, लोक प्रार्थना कोणाकडे बघून म्हणणार?

खिळा अजून रिकामाच आहे. तुम्ही काय लावलं असतं?