पाच मिनिटं गप्प

ओठावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "पाच मिनिटं गप्प." इथं आल्यावर ती परदेशी पोरगी पहिलं मराठी शिकली ते एवढंच. तेवढ्यावर तिनं आमची अख्खी गल्ली ताब्यात घेतली.

आमच्या गल्लीला गप्प बसवणं सोपं नव्हतं, पावणं. नळाला पाणी आलेलं इथं नळाच्या आवाजानं कळत नाही, बायकांच्या आवाजानं कळतं. त्यात सगळ्यांत वरचा आवाज माझ्या बायकोचा. लग्न झाल्यावर मला वाटायचं, ही बोलून बोलून थकेल कधीतरी. थकलो मी.

पण दंडाला बीपीचा पट्टा बांधायच्या आधी माणसानं पाच मिनिटं न बोलता बसायचं, नाहीतर आकडा खोटा येतो, असा त्या पोरीचा नियम.

मी तेव्हा एका दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो. मोबाईल अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता, त्या काळातली गोष्ट. मोठे डॉक्टर म्हणाले, "मामा, अमेरिकेहून कॉलेजची मुलगी येतेय. अडीच महिने राहून इथं संशोधन करणार. स्टेशनवरून घेऊन या." मी हार घेऊन गेलो. गाडीतून एक गोरी बाई उतरली. मी घातला हार, उचलली बॅग, लागलो चालायला. बाई ओरडत माझ्यामागं. ती बिचारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेली. तिच्यामागं एक उंच, काळी, बारीक बारीक वेण्या घातलेली पोरगी पोट धरून हसत उभी होती. तिनं दवाखान्याचं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घातलेला हार परत मागायचा तरी कसा? पोरगी तशीच आली, बिनहाराची.

गल्लीनं तर मला तोंडावरच विचारलं, "ही कसली वो अमेरिकन?"

मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, तिकडं ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, असल्या कामात ज्यांना कुणी विचारत नाही, अशा पोरांना मुद्दाम निवडतात आणि शिकायला परदेशी धाडतात. मी म्हटलं, "म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांना धाडलं प्रश्न विचारायला, आणि ते बी आम्हाला? बरं जमवलंय की." डॉक्टर हसले नाहीत. शिकलेल्या माणसाला हसायला वेळ लागतो.

तिचा बाप तिकडं सिटीबस चालवायचा. हे कळलं आणि मी माझी माडीवरची खोली तिला दिली. बायको म्हणाली, "डायवरची पोरगी हाय व्हय? मग जेवायला खालीच." तेवढ्यावर तिची जात, धर्म, देश सगळं ठरलं.

तिचं संशोधन मिठाचं. गल्लीतल्या बायकांचं बीपी मोजायचं, मग महिनाभर लोणचं, पापड, खर्डा बंद, आणि मग पुन्हा मोजायचं. कोल्हापुरात येऊन खर्डा बंद करा म्हणणारं हे पहिलंच माणूस. तिचं बोलणं मराठीत सांगायला दवाखान्यातली एक सिस्टर बरोबर असायची. सिस्टरनं खर्ड्याचं सांगितल्यावर आमची बायको उसळली. "तिला म्हनावं, त्यापरीस श्वासच बंद करा म्हन की!"

पोरीनं ओठावर बोट ठेवलं. "पाच मिनिटं गप्प, मामी."

आणि बघतो तर काय, बायको गप्प! माझ्या आईला आयुष्यभर जे जमलं नाही ते हिनं एका बोटात केलं. बायको टेबलावर हात ठेवून, डोळे मिटून, पूजेला बसल्यागत बसलेली. मी दारातनं तेवढं बघून घेतलं. असलं रोज बघायला मिळत नाही.

महिनाभरात गल्लीनं पोरीवर जीव टाकला. मीठ मात्र टाकलं नाही. ती कोपऱ्यावर दिसली की लोणच्याच्या बरण्या कॉटखाली जायच्या. ती दारात बसून गल्लीतल्या पोरींना आपल्यासारख्या बारीक वेण्या घालून द्यायची. शाळेच्या बाईंनी त्या पोरींना परत घरी धाडलं, तर आया शाळेत जाऊन भांडून आल्या. अमेरिकेची फॅशन आहे म्हणाल्या.

एकदा सिस्टर आमच्याकडं जेवायला होती. बायकोनं पोरीला विचारलं, "आकडं खाली आलं न्हाईत तर तुझं काय गं व्हनार?"

सिस्टरनं विचारून सांगितलं. हे तिचं पहिलंच संशोधन. डॉक्टरकीच्या कॉलेजात घेताना तिकडं हे बघणार. पोरीनं हसत हसत गळ्यावरनं बोट फिरवलं. थट्टेनं. पण आमच्या बायकोला दुसऱ्याची थट्टा कधी कळली नाही. तिचा घास हातातच राहिला.

पुन्हा मोजायचा दिवस उजाडला. आमच्या सोप्यात बायका ओळीनं बसलेल्या, सगळ्या गप्प. मला वाटलं, कुणी गेलं की काय. पट्टा बांधला की आकडा खाली. पुढची बसली, आकडा खाली. पोरीचा चेहरा असा उजळत चालला, की माझ्या बायकोनं आपली पाठ आपणच थोपटून घेतली असती. तिचाही आकडा खाली आला. ती उठायला गेली आणि घेरी येऊन भिंतीला टेकली. "ऊन लागलं," म्हणाली. घराच्या आत.

शेवटी बसली गिरणीवाली मावशी. गल्लीत बीपीची गोळी चालू असलेली ती एकटीच. पट्टा फुगला, पारा वर गेला, जातच राहिला. पोरीनं दुसऱ्या दंडाला बांधून बघितलं. तसंच. रोज गोळी खाणारी एकटी वर, आणि न खाणाऱ्या सगळ्या खाली.

"मावशी, गोळी?" पोरीनं विचारलं.

"कुठली गोळी? वाटल्या की समद्या!" मावशीनं छाती पुढं काढून सांगितलं. "तुझ्या मामीनं मागून न्हेल्या. परवापास्नं समद्या खात्यात. तू पास व्हयाला पायजेस न्हवं?"

सिस्टर तोंडावर हात धरून बसली. तिला ते इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. पोरीला कळलं होतं.

ती कुणावर ओरडली नाही. आधी मावशीला उचलून माझ्या जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यापर्यंत तिचा हात धरून बसली. मावशी बेडवर झोपून ठीक झाली, मग पोरगी घरी आली, आणि सगळ्या आकड्यांवर एक आडवी रेघ ओढली.

"आगं, आगं! आमी कुनाला सांगनार हाय?" बायको रडायलाच लागली. "अमेरिकेतनं कोन येतंय हितं बघायला? पोरी, तुझं कालेज…"

पोरीनं ह्या वेळी बोट आपल्या ओठावर ठेवलं नाही. बायकोच्या ठेवलं. "पाच मिनिटं गप्प, मामी." आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघी रडत होत्या, आवाज कुणाचाच नव्हता.

गोळीचा असर गेल्यावर तिनं बायकोला पुन्हा बसवलं. आकडा पहिल्या वेळेपेक्षाही असा वर होता, की पोरगी तिला घेऊन तडक डॉक्टरांकडं गेली. दुसऱ्याची गोळी खाऊन निरोगी झालेल्या माझ्या बायकोला तिथं स्वतःची गोळी मिळाली.

पोरगी निघाली तेव्हा सगळी गल्ली स्टेशनवर. ह्या वेळी हार बरोबर गळ्यात पडला. बायकोनं पिशवीतून लोणच्याची बरणी काढली आणि मिठावर संशोधन करणाऱ्या पोरीच्या हातात दिली. पोरीनं ती पोटाशी धरली. ती पुन्हा कधी कोल्हापूरला आली नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर सांगत होते, तिनं तिकडं सगळं खरं लिहिलं, गोळ्या वाटल्यासकट. मिठाचं काही सिद्ध झालं नाही. तरी डॉक्टरकीच्या कॉलेजात घेतलं तिला.

"बगा," बायको म्हणाली, "माझ्यामुळं पास झाली."

बायकोच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं, की ते गप्प बसणं हाही औषधाचाच भाग. रोज सकाळी ती टेबलावर हात ठेवायची, पाच मिनिटं डोळे मिटायची, मगच गोळी. मी कधी तिचा गैरसमज काढला नाही. का काढू? संसारात मला बोलायला तेवढीच जागा मिळाली होती. भाजी खारट, मेव्हणा लबाड, माझा सदरा कुठं ठेवलास, सगळं त्या पाच मिनिटांत बोलून घ्यायचो. ती ऐकायची, भुवया उडवायची, पण तोंड उघडायची नाही. पाच मिनिटं झाली, गोळी गिळली, पाणी प्यायलं, की पहिल्यापासून एकेका गोष्टीचं उत्तर यायचं. एकही सुटायची नाही.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. बीपीनं नाही गेली, तापानं गेली. बीपी शेवटपर्यंत ताब्यात होतं.

आता मलाही गोळी लागलीय. सकाळी मी तिच्याच खुर्चीवर बसतो, टेबलावर हात ठेवतो. सांगायला कुणी नसतं, तरी गप्प बसतो. मग गोळी घेतो, पाणी पितो, आणि ग्लास खाली ठेवून जरा थांबतो. तिची बोलायची वेळ झालेली असते.