किनुयो हरली नव्हती

किनुयो आमच्या गल्लीतल्या तोफूवाल्याची मुलगी. सोयाबीन दळून, हात धुऊन तालमीला यायची, तरी कधी उशीर नाही. मी डॉक्टरांची लेक. घरच्यांना मला हलवून उठवावं लागे.

आमच्या त्सुरुओका गावी ऐन बर्फाच्या मोसमात तीस दिवस होनजो बाई आम्हा मुलींना अनवाणी उभं करून नागिनाता शिकवत. लांब दांडा, टोकाला वाकडं पातं. आमचं अर्थात लाकडाचं. आधी ओल्या फडक्याने तालमीची लाकडी जमीन पुसायची, मग हजार वार.

"कंबर खाली! बर्फ लोटायला आलीयेस का गं?" बाई ओरडत. टाच फुटून रक्त आलं तर म्हणत, "छान. आता जमीन परत पूस."

युद्धानंतर नडगीला बांधायचे जाड पट्टे मिळत नव्हते, म्हणून लढतीत वार नुसता टेकवायचा. टेकला की नाही, ते जिला टेकला तिलाच नक्की कळे. पंच नाही. तिनेच "हरले" म्हणायचं. सगळी तालीम त्या भरवशावर चाले.

तिसाव्या दिवशी आम्ही दोघी उरलो. जिंकेल ती क्योतोच्या स्पर्धेला जाणार होती. किनुयोचं पातं माझ्या नडगीला टेकलं. अगदी स्पष्ट. रीतीप्रमाणे ती थांबली, माझ्या शब्दाची वाट बघत. मी बोलले नाही. तिच्या मनगटावर वार टेकवला.

"हरले!" ती खणखणीत म्हणाली.

बाईंनी मला विचारलं, "काही सांगायचंय?"

"नाही, बाई."

"बरं."

मग लाल चवळीचं गोड कढण आलं. मी दोन वाट्या प्यायले. लाज त्या दिवशी वाटली नाही, भूक लागली होती.

निघायच्या दिवशी किनुयो स्टेशनवर आली. "रागावली नाहीस ना गं?"

"कशाला?"

"मी मध्येच थांबले ना! वाटलं, टेकला. पण तू बोलली नाहीस, म्हणजे नव्हताच टेकला. माझा हातच मठ्ठ! सगळ्यांदेखत तुझ्यावर संशय घेतल्यासारखं झालं." आणि कमरेत वाकून तिने माझी माफी मागितली.

गाडीला चार मिनिटं होती. खरं बोलायला एक पुरलं असतं.

"असू दे," मी म्हणाले. वर मोठेपणाने हसले.

पुढच्या हिवाळ्यात ती आलीच नाही. ज्या हाताला कळत नाही, त्याच्यापायी बाईंचा वेळ कशाला घालवायचा, असा निरोप धाडला. बाईंनी तिची समजूत घालायला मुद्दाम मलाच पाठवलं. मी गेले, तोफूच्या दोन वड्या घेतल्या आणि परत आले.