बाटलीतली वीज आणि मामांचं नाक

माझ्या होणाऱ्या मामेसासऱ्यांच्या नाकाला विजेचा झटका द्यायचा माझा अजिबात विचार नव्हता. नाक त्यांचं होतं, ते त्यांनीच आणलं होतं आणि त्यांनीच पुढे केलं होतं. माझी चूक एवढीच की ज्या वस्तूवर त्यांनी ते टेकवलं, ती मी घरी तयार केली होती.

तेव्हा मी रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. आई आणि मी वरसे गावात दोन खोल्यांत राहायचो; वडील गावाला भातशेती बघायचे. वय तिशीला टेकलं होतं. आठ मुली बघून झाल्या होत्या, आणि त्यांतल्या सहांनी मला बघून घेतलं होतं. (उरलेल्या दोघी बाहेरच आल्या नाहीत.) मग पेणच्या रामवाडीतली सुनंदा बघायला गेलो. तिचे वडील मिठागरावर मुकादम, घर साधं. चहाचा कप हातात देताना तिनं हळूच विचारलं, "कंपनीत गॅस-बिस लागत नाय ना तुमाला?"

आजवर सगळ्यांनी माझा पगार विचारला होता. माझ्या फुप्फुसांची चौकशी करणारी ही पहिलीच! मी तिथल्या तिथे विरघळलो. परत येताना एसटीत आईला म्हणालो, "हिच्याशी नाही जमलं, तर मी लग्नच करणार नाही." आई म्हणाली, "तसंही कोण करतंय तुझ्याशी?"

मुलीकडच्यांनी ठरलेलं वाक्य टाकलं होतं: "चौकशी करतो नि पंधरा दिसांत कळवतो." चौकशी म्हणजे एकच. मुलगा धाटावला कामाला म्हटलं, की शिफ्ट सुटल्यावर सरळ घरी येतो की वाटेत 'बसतो', एवढंच बघायचं. मला काळजी नव्हती. मी आयुष्यात दारूला शिवलो नव्हतो. सिगारेटच्या धुरानं मला ठसका लागायचा. अशा निष्कलंक माणसानं ते पंधरा दिवस नुसतं गप्प बसायचं होतं.

मी नेमके तेच पंधरा दिवस वीज साठवायला निवडले.

झालं असं, की कंपनीत रद्दीत एक जुनं विज्ञानाचं मासिक सापडलं. त्यात घरच्या घरी हाय व्होल्टेजचा कपॅसिटर कसा करतात ते दिलं होतं. कपॅसिटर म्हणजे आपल्या पंख्यात असतो तो कंडेन्सर. वीज धरून ठेवतो आणि एका दमात सोडतो. पंख्यातला गरीब असतो. हा मासिकातला जबरा होता! लागतं काय? जाड काचेची बाटली, आत मिठाचं घट्ट पाणी, बुचातून आत सोडलेला लांब खिळा आणि बाटलीला बाहेरून गुंडाळलेला चंदेरी कागद. बस्स. आई बरणीत आंबा मुरवते, मी बाटलीत वीज मुरवणार! मला रात्री झोप येईना.

जाड काचेची, एकसारखी बाटली म्हणजे बिअरची. मी रोह्याच्या भंगारवाल्याकडून बारा आणल्या. चंदेरी कागद म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी. नाक्यावरच्या पानवाल्याला सांगून ठेवलं, "रिकामी पाकिटं टाकू नकोस, मी नेत जाईन." आणि मीठ वाण्याकडून, एका वेळी दोन किलो. यात संशय येण्यासारखं काही आहे, असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही.

आईला वाटलं. मी कामावरून आलो की ती दारातच उभी राहायची.

"हा कर."

"काय गं?"

"तोंड उघड नि हा कर!"

मी हा करायचो. ती वास घ्यायची, काही मिळालं नाही की आणखी चिंतेत पडायची. शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं, "वास पन येत नाय गो. म्हणजे कायतरी भारीतली असणार!"

वीज भरायला मी आमचा टीव्ही वापरायचो. पडद्याच्या काचेवर चंदेरी कागद चिकटवायचा, त्याची तार खिळ्याला जोडायची आणि टीव्ही चालू-बंद, चालू-बंद करायचा. प्रत्येक वेळी काच चरचरते आणि थोडी थोडी वीज बाटलीत उतरते. आता किती भरली हे कळणार कसं? मीटर परवडण्यातला नव्हता, म्हणून माझं स्वतःचं बोट वापरलं. टीव्ही पाच वेळा चालू-बंद केला तर 'स्स'. दहा वेळा, 'आई'. पंधरा वेळा, 'आई गं'. वीस वेळा केला, की आई स्वतःच धावत यायची.

त्याच सुमारास एक अनोळखी गृहस्थ आमच्या आळीत फिरू लागले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, काखेत छत्री आणि चेहऱ्याच्या बरंच पुढे चालणारं नाक. म्हणे भाड्याची खोली बघतायत. पण खोली सोडून सगळं बघायचे! एकदा पानवाल्याशी बोलताना दिसले, एकदा वाण्याच्या दुकानात, आणि एकदा तर चक्क भंगारवाल्याच्या ढिगापाशी. एका संध्याकाळी मलाच गाठलं.

"तुमी त्या कंपनीत ना? शिफ्ट कधी सुटते?"

"तीनला."

"आणि घरी कधी पोचता?"

"साडेतीनला."

"सरळ चालत येता?"

हा कसला प्रश्न? माझ्या खिळ्यांना जोडलेली वीतभर तार कंपनीच्या भंगारातली होती. (विचारून आणली होती, पण ज्याला विचारलं तो स्वतःच ती टाकायला चालला होता.) हा कंपनीचाच माणूस! पाळतीवर ठेवलाय! मी घाईघाईनं "सरळच येतो, अगदी सरळ" म्हणत घराकडे सुटलो आणि त्या नादात गटारात पाय घातला. मागं वळून पाहिलं. गृहस्थ मान हलवत होते.

त्या दिवसापासून ते दिसले की मी बाटल्या चादरीखाली घालायचो. आमच्या खिडकीला पडदा नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी मी एका बाटलीत विक्रमी वीज भरली. टीव्ही पंचवीस वेळा चालू-बंद! बोट लावायची छाती होईना. म्हटलं, जरा धीर गोळा करू आणि येताना मीठही आणू. बाटली टीव्हीशेजारी ठेवून मी वाण्याकडे गेलो. परत आलो, तर दारात अनोळखी चपला. खिडकीतून आत पाहिलं. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती, आणि ते छत्रीवाले गृहस्थ माझी बाटली मुठीत घट्ट पकडून नाकाकडे नेत होते!

आता या बाटलीची एक रीत आहे. बाहेरची चांदी हातात धरलीत आणि खिळ्याला दुसरं काही लावलंत, तर सगळी वीज तुमच्यातून जाते. मला ते ठाऊक होतं. गृहस्थांना नव्हतं.

"नाक लावू नका!" मी खिडकीतून किंचाळलो.

चोरी पकडली गेली म्हणून ते दचकले, आणि दचकताना नाक आणखी चार बोटं पुढे गेलं. निळी ठिणगी उडाली. टाचणीनं फुगा फोडावा तसा आवाज झाला. गृहस्थ आधी जागच्या जागी उडाले, मग आमच्या पलंगावर बसले, आणि बाटली लादीवर फुटून सगळं पाणी त्यांच्या पांढऱ्या पँटवर गेलं. आई चहा घेऊन बाहेर आली.

"अगो बाय! काय झालं वो?"

"नाय," ते नाक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "लयच कडक हाय."

"कंपनीला सांगू नका!" मी आत धावत येऊन पिशवीसकट हात जोडले. "तार भंगारातली होती, आईशप्पथ!"

"कसली कंपनी? मी पेणचा. सुनंदाचा मामा."

माझ्या हातातली मिठाची पिशवी खाली पडली. मग चहा झाला. तो कोणी प्यायला की नाही, आठवत नाही. मी कपॅसिटर समजावून सांगितला. मामांनी नाक चोळत सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा तपास वाचून दाखवला. "पानवाला बोलला, रोज पंधरा पाकिटं नेतो. भंगारवाला बोलला, बाकीचे बाटल्या इकायला येतात, ह्यो एकटाच न्यायला येतो. वाणी बोलला, दर दोन दिसांनी दोन किलो मीठ. आमी इतका मीठ वरसाला खात नाय! घरात बोलू काय मी, सांगा?"

जाताना ते "कळवतो" एवढंच म्हणाले. ज्याला हे 'कळवतो' कळत नाही, त्याचं लग्न व्हायचं नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. आईनंही हा करायला सांगितलं नाही, यावरून परिस्थिती किती वाईट होती ते समजा.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. सुनंदाच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं. मजकूर एका ओळीचा होता: 'रविवारी बाटली घेऊन येणे.'

मी सगळ्यात चांगली बाटली निवडली. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून घरूनच भरून घेतली, तीस वेळा. एकदा ठिणगी उडवून दाखवली की मामांच्या नाकाचं कोडं सुटणार, मी निर्दोष सुटणार आणि सुनंदा माझी! खिळ्यावर प्लास्टिकची टोपी बसवली आणि बाटली मांडीवर धरून एसटीत बसलो. कंडक्टरनं लांबूनच पाहिलं.

"दारू चालत नाय गाडीत."

"दारू नाही हो, कपॅसिटर आहे."

"नाव कायबी असू दे. उतरेपर्यंत उघडायची नाय."

रोह्यापासून पेणपर्यंत शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही. उकाडा असा, की हाताच्या घामानं काच, चांदी, बूच, सगळं चिंब भिजलं. वीज ओल्या काचेवरून पाझरत कधी निघून गेली, मला पत्ता लागला नाही.

रामवाडीत ओटीवर सगळे जमले होते. मधोमध नाना, दाराआड सुनंदा, आणि मामा पार तुळशीपाशी, नाकावर रुमाल धरून. मी बाटली मांडली. छोटंसं भाषण केलं. स्क्रूड्रायव्हर खिळ्याजवळ नेला. काही नाही. टेकवला. तरी काही नाही! घासला, ठोकला, शेवटी बोट लावलं. साधं 'स्स' सुद्धा नाही.

"बगा!" मामा तुळशीपासून ओरडले. "वीज-बीज कायसुद्धा नाय! म्हणजे मना झटका लागला तो वासाचा! नुसत्या वासानं मानूस पडतो, मग पिनाऱ्याचं काय होत असंल?"

ओटीवर कुजबुज सुरू झाली. मी दाराकडे पाहिलं. सुनंदा माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतही आता शंका होती. ते मला सहन झालं नाही. माणसाची बुद्धी अशा वेळी एकदम पेटते किंवा एकदम विझते.

"दारू वाटते ना? ही बघा!" मी बूच उपटलं, बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा चार घोट घेतले.

बाटलीत पाणी नावापुरतंच होतं, बाकी सगळं मीठ. पहिला घोट कळला नाही. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्यानंतर पोटातून जे उलटं निघालं, ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी ओटीच्या पायऱ्या दोन उड्यांत उतरलो आणि अंगणात, भर दुपारी, सगळ्या रामवाडीसमोर भडाभडा ओकलो. उभा राहायला गेलो तर झोकांडी गेली. समोरच्या घरातल्या बाईनं पोराला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"झाली खातरी?" मामा म्हणाले.

तेव्हा नाना उठले. शांतपणे बाटली उचलली, तळव्यावर थेंब घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. ज्या माणसानं चाळीस वर्षं मिठाच्या आगरातलं पाणी जिभेवर तोललं, त्याचा निकाल म्हणजे कोर्टाच्या वरचा.

"मीठच हाय," नाना म्हणाले. "आपल्या आगराचा नाय, वाण्याचा. पन पोरानं पानी बेस जाड केलाय. दोन दिस उनात ठेवला तर खडा पडंल."

"मग आधीच चाखायचं ना, नाना!" मी पायरीवरून कण्हलो.

"तुमी कुठं थांबलात? तोंडालाच लावलीत. मी बोललो, सवय हाय का बगू या. सवय असती, तर बाटली अशी दोन्ही हातांनी धरली नसती."

मामांनी रुमाल खाली घेतला. नाक अजून थोडं लालच होतं. "दारुडा नाय, ता मानला," ते नानांना म्हणाले. "पन दाजी, पोरगा येडा हाय."

मग दाराआडून सुनंदाचा आवाज आला, "मामा, दारू सोडवायला लोकांना देवाला साकडं घालायला लागतं. येडेपणाचा मी बगून घेईन."

"बरोबर," नाना म्हणाले. "येडा चालंल."

मी वेडा नाही, प्रयोग करणारा माणूस आहे, हे ठासून सांगायला मी उठलो, छाती काढली आणि तोंड उघडलं. पण त्यातून शब्दांऐवजी राहिलेलं मिठाचं पाणी बाहेर आलं. सगळ्यांनी तोच माझा होकार धरला, आणि आमचं लग्न ठरलं.