लाल दिव्याचा फ्रायर

त्या वर्षी गणपतीआधी शेजारच्या काकूंनी पनवेलच्या बाजारातून विजेवरचा फ्रायर घेतला. काकूंना दिसत नाही. तेलाने हात भाजल्यावर मुलाने त्यांची कढई माळ्यावर टाकली होती. सुरक्षित काही मिळालं नसतं, तर त्यांचं तळण कायमचं बंद होणार होतं.

दुकानात त्यांनी प्रत्येक फ्रायर कोपराने ढकलून पाहिला. सरकला की बाद.

"काकू, हा घ्या. तेल तापलं की लाल दिवा लागतो," दुकानदार म्हणाला.

"कुणासाठी?"

काकूंनी जागचा न हलणारा, तेल तापलं की टक् वाजणारा फ्रायर निवडला. दिवा त्यालाही होता.

"आई, दिव्याकडे मी बघेन," मुलगा म्हणाला.

दिवाळीत दिवा गेला. मुलाच्या ते लक्षात आलं, तेव्हा चकल्यांचा डबा आमच्याकडे पोचला होता.