आईवर गेलेली

"आम्ही गाय घेतानासुद्धा तिची माय कशी होती ते बघतो. ही तर सून आहे."

हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलं. हदगावात. आमच्या बाजेवर बसून, आमचा चहा पिऊन. बोलणारा डॉक्टर होता, लातूरचा. मला बघायला आलेल्या मुलाचा मामा.

मी समोर खुर्चीत. मान खाली. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना आनुवंशिकता मीच शिकवते. मुलगा मोबाइलकडं बघत होता. माझे बाबा, एसटीचे ड्रायव्हर, दाराशी उभे. स्वतःच्या घरात उभे.

पाहुण्यांना आत्यानं सांगितलं होतं, "वैनी धर्माबादला गेल्यात, भावाकडं." माय कुठंच गेली नव्हती. आतल्या खोलीत होती. आत्यानं बाहेरून कडी लावली होती.

माझ्या पाठचं बाळ जन्मलं आणि आठवड्याच्या आत गेलं. माय झोपेना. मग तिला ते बाळ रडताना ऐकू यायला लागलं. कधी विहिरीतून, कधी भिंतीतून. गावानं आधी अंगारे केले, मग नाव ठेवलं. येडी. बाबांनी तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. माय बरी झाली. कापूस वेचायला जायची, भाकरी थापायची, मला अभ्यासाला उठवायची. नाव मात्र बरं झालं नाही.

डॉक्टर म्हणाला, "मुलगी चांगली आहे. पण आम्ही चौकशी करूनच आलोय. आईला वेड आहे. हे जीन्समध्ये असतं. आज नाही, तर बाळंतपणात बाहेर येईल."

बाबा म्हणाले, "साहेब, गोळीवर बरी हाय ती. लई वर्सं झाली."

"गोळीनं रोग दबतो. रक्त बदलत नाही."

माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं. एकाच आईची दोन लेकरं. रक्त तपासायचं ते फक्त माझं.

मी उठले. आत गेले. कडी काढली.

माय दाराला कान लावून बसली होती. नवं हिरवं लुगडं नेसलेली. केसांना तेल, कपाळाला कुंकू. तिला कुणी बघणार नव्हतं. तरी नेसली होती. लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून.

मी तिला हात धरून बाहेर आणलं. म्हटलं, "ही माझी आई."

मायनं हात जोडले. डॉक्टरपुढं वाकली.

"साहेब, पोरगी माझ्यावर न्हाई गेली. बापावर गेली. तिच्यात माझं काईच न्हाई. मी जाते भावाकडं, पुन्हा येत न्हाई. पोरीला पदरात घ्या."

डॉक्टरचं मी सोसलं असतं. हे नाही सोसलं. माझ्या आईनं चार परक्या माणसांत मला स्वतःपासून तोडून दिलं. माझं लग्न व्हावं म्हणून.

"माय खोटं बोलून राहिली," मी म्हणाले. "मी हिच्यावरच गेलेय. हे केस हिचे. हा आवाज हिचा. आणि गाय बघायला आला असाल तर उठा. गुरांचा बाजार इथं भरत नाही."

ते उठले. जीप गेली. आत्या मायला शिव्या देत रडली. बाबा ओट्यावर बसून राहिले.

मला वाटलं, मी मायला सोडवलं.

त्या दिवसापासून मायनं माझं ताट वेगळं केलं. आधी आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. "माझं उष्टं नको खाऊ, माय," ती मलाच माय म्हणायची. माझ्या डोक्याला तेल लावायचं तिनं सोडलं. मी सांगून सांगून थकले, असं लागत नसतं. ती म्हणायची, "तो डाक्टर व्हता."

मग मी तिला नांदेडला तिच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "थोडा धोका घराण्यातून येतो, हे खरं आहे. पण सगळं त्यावर ठरत नाही. माणसावर काय गुदरतं, त्याला कोण सावरतं, तेही असतंच. तुमचं बाळ गेलं तेव्हा तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

माय म्हणाली, "कुनीच न्हाई."

एसटीत ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, पटलं असेल.

भावाला मुलगी झाली. माय चौकटीत उभी. हात पाठीमागं बांधलेले. तिथूनच बाळाला अंगाई म्हणायची.

"घे की माय तिला."

"नगं. माझं लागंल."

गेल्या हिवाळ्यात माय निमोनियानं गेली. नात चालायला लागली होती. मायनं तिला एकदाही उचललं नाही. दवाखान्यात मी मायचा हात धरला, तर अंगात ताकद नसताना ती तो सोडवून घेत होती. मला वाचवत होती. स्वतःपासून.

त्या डॉक्टरला यातलं काही माहीत नाही. तो चहा पिऊन गेला.

मला तो आजार होईल का? होऊ शकेल. झाला तर गोळ्या घेईन, शाळेत जाईन, आणि कुणी विचारलं तर नाव सांगेन आजाराचं. कुजबुजून नाही.

परवा औशाहून स्थळ आलं. मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?"

"निमोनियानं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिला स्किझोफ्रेनिया होता. तो असतानाच तिनं मला वाढवलं."

त्या म्हणाल्या, "हे आत्ताच कशाला सांगता, बाई?"

"लपवून ठेवून मागनं सांगायला ते काही पाप नाही, म्हणून."

फोन बंद झाला. पुन्हा आला नाही.

पुढच्यालाही पहिल्यांदा हेच सांगणार. ज्याला माझी माय चालत नाही, त्याला मी मिळणार नाही.